पुनमताईच्या वाटणीचा रोट

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या प्रसादाचा गव्हाचा जाड रोट कुणी खायचा याचा नियम सरळ आहे. भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याने नाही, मग तो कितीही जिवाभावाचा असो. लेकीचं लग्न झालं की ती दुसऱ्या कुळाची, तिला माहेरचा रोट बंद. सून आली की ती या कुळाची, तिला सुरू. मी बोदवडची. लग्नाआधी या घरातलं कुत्रंही मला ओळखत नव्हतं, पण पहिल्याच श्रावणात माझ्या ताटात रोट पडला. माझी नणंद पुनमताई या घरात जन्मली, वाढली आणि तिचं लग्न झालं नाही, म्हणून ती अजून याच कुळाची. चाळिशीला टेकली तरी दर वर्षी माझ्या शेजारी पंक्तीत बसायची आणि म्हणायची, "वहिनी, लग्न न करण्याचा एवढा एक फायदा धरून ठेवलाय बघा मी."

यंदा तिला रोट मिळतो की नाही यावर सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला. कारण काय, तर तिने वर्तमानपत्रात लिहिलेला एक मजकूर. त्यात खोटं काही असतं तर माफी मागून भागलं असतं.

ताई नाचायला कुणाकडे शिकली नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावात नाच शिकवणारं कोण असणार? धुळ्याला कॉलेजात गेली, तिथे गॅदरिंगमध्ये नाचली आणि तनवीरभाईने तिला पाहिलं. तनवीरभाई धुळ्यात लग्नाचे व्हिडिओ काढायचा. अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओचं वेड तेव्हा नुकतं सुरू होत होतं. तो सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "नवल नाना, मनी बहीण शे असं समजीसन लई जासू. संध्याकाळले घर पोचाडसू." नानांना कुणालाच नाही म्हणता येत नाही, तो त्यांचा जुना आजार आहे. व्यापाऱ्याला म्हणता येत नाही, भावकीला म्हणता येत नाही, तिथे लेकीला कुठून म्हणणार. त्यांनी चहा पाजला आणि मान हलवली.

तेव्हापासून ताई वर्षानुवर्षं नाचली. तिच्या नाचाची गाणी अशी चालली, की आमच्या भागात त्यांच्याशिवाय कुणाची हळद लागेना. डीजेवर तिचं गाणं, पडद्यावर तिचा चेहरा, खाली सगळी वरात घामाघूम. आणि सकाळी तीच माणसं बसस्टँडवर म्हणणार, "नवलनी पोर ना, आल्बममा नाचस." मला अशा माणसांचा फार राग येतो. पण राग येऊन काय करता? ताईची स्थळं त्यांच्याच ओळखीतून यायची. पोरगी छान आहे, शिकलेली आहे, फक्त ते तेवढं बंद करा, असं प्रत्येक स्थळाने सांगितलं. ताई प्रत्येकाला हसून पाणी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी शूटिंगला जायची. हळूहळू स्थळं यायचीच थांबली.

मग तोरणमाळच्या वाटेवर एका ओढ्यात, शेवाळलेल्या दगडावर गिरकी घेताना तिचा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने गोड बोलून सांगितलं, चालाल, जिना चढाल, गाडी चालवाल, नाच मात्र विसरा. ताईने दवाखान्यात एक टिपूस काढलं नाही. घरी आली आणि मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. लग्नसराईचे दिवस होते. गल्लीतून वरात जायची, तिचंच गाणं वाजायचं, मी धावत जाऊन खिडकी लावायचे. खिडकी लावून ढोल थांबतो होय? उशीवर ठेवलेल्या तिच्या पायाचा अंगठा हलत राहायचा आणि ती हाताने तो दाबून धरायची. मी नुसती चहा करून आणायचे.

पडल्या पडल्या तिने बोलायला सुरुवात केली. कुठे कुठे नाचली ते सांगायची, आणि गंमत अशी, की डोंगर कसा होता, नदी कशी होती हे तिला धड सांगता यायचं नाही. तिला जमीन आठवायची. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटाचा दगड गुळगुळीत दिसतो पण पायाला दगा देत नाही. लळिंग किल्ल्याच्या चढावर बारीक खडी आहे, तिथे टाच आधी टेकली तर संपलात. कपाशीच्या वावरात नाचू नये, काळी माती पाऊल धरून ठेवते. मी भांडी घासत, धान्य निवडत ऐकायचे. एक दिवस वैतागून म्हटलं, "ताई, माझे कान किटले. हे सगळं कुठंतरी लिहा, म्हणजे मला सुटका." मी गंमत केली होती. तिने मोबाईल घेतला आणि अंगठ्याने लिहीत बसली.

ते तनवीरभाईने जुन्या फोटोंसकट फेसबुकवर टाकलं. लोकांनी वाचलं. जळगावच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतून फोन आला, असंच दर आठवड्याला द्याल का. सदराला नाव दिलं 'पायधूळ'. ताईला लिहिण्याचं काय कळत होतं? पहिल्या लेखात तिने 'निसर्गाच्या कुशीत' असं काहीतरी लिहिलं होतं. पुरवणीच्या संपादकबाईंनी ते काढून टाकलं आणि फोनवर सांगितलं, "कुशीबिशी नको. तुम्हाला पायाखाली काय लागलं ते लिहा." तेवढी एक शिकवणी तिला पुरली. कुबडी सुटली तशी तिने जळगावला एक खोली घेतली आणि फिरायला लागली. एसटीने, पॅसेंजरने, कुणाच्या टेम्पोत पुढे बसून. सारंगखेड्याची यात्रा, चैत्रातली सोंगं, वहीची जुनी गाणी गाणारे म्हातारे, भोपळ्याची पावरी फुंकणारी पोरं. पहूरच्या बाजारात दोरीवर चालणाऱ्या एका मुलीवर तिने लिहिलं, ते वाचून आमच्या नानांनी जेवताना डोळे पुसले.

तिची कामाची रीत मी एकदा पाहिली. कुठेही नाच असला की ती पुढे, पार जमिनीला टेकून बसायची आणि नाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचीच नाही. पायांकडे बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "वहिनी, तोंड काहीही करू शकतं. हसू येत नसलं तरी हसतं. नाच खरा आहे का, ते खाली बघितलं की कळतं." लोकांना तिचं लिहिणं आवडायचं ते यासाठीच. सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट ती न पाहिलेल्या जागेवरून दाखवायची. लंगडत फिरायची, पण मी तिला इतकी सुखी कधी पाहिली नव्हती. आपलं बरं झालं असं वाटायला लागलं होतं मला.

आता माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. यशोदाबाई. वर्षाचे बाकी सगळे दिवस बघाल तर या बाईच्या पावलाचा आवाज येत नाही. पदर कपाळापर्यंत, वडीलधाऱ्यांसमोर खुर्चीवर बसणार नाहीत, नाना घरात असले तर मोठ्याने हाकही मारणार नाहीत. आणि कानबाईच्या सोमवारी, आदल्या दिवशी बसवलेल्या देवीला विसर्जनासाठी नदीवर न्यायला उचलतात तेव्हा, यांच्या अंगात येतं. ढोल सुरू झाला की पदर पडतो, केस सुटतात आणि त्या गल्लीभर नाचत देवीच्या पुढे जातात. ज्यांच्यासमोर त्या वर्षभर मान वर करत नाहीत ते सगळे बाप्ये त्यांच्या पाया पडतात, प्रश्न विचारतात, त्या उत्तरं देतात. दुसऱ्या दिवशी यावर कुणी चकार शब्द काढत नाही. ज्या बाईच्या अंगात आलं तिला 'काल तू' असं म्हणायचं नसतं, ही आमच्याकडची रीत आहे. सासूबाई मंगळवारी पहाटे उठून पुन्हा बिनआवाजाच्या पावलांनी झाडू मारायला लागतात.

मला त्या सोमवारी काय वाटतं, विचाराल तर मी हात जोडते. देवी येते की काय होतं ते मला ठाऊक नाही आणि त्या खोलात मी शिरत नाही. पण पुनमताई पडली नाचणारी. ती लहानपणापासून दर वर्षी त्या पायांकडे बघत आली होती, आणि तिचं सगळं शिकणं तिथलंच होतं. आषाढातल्या एका रविवारी तिने आपल्या सदरात ते लिहिलं.

'मी आजवर पाहिलेली सर्वांत तयार नर्तकी माझी आई आहे,' असा तो लेख सुरू झाला होता. पुढे होतं, 'वर्षातून एका सकाळी ती नाचते. लोक म्हणतात देवी येते. मी तिचे पाय पाहिले आहेत. चिखल असो, खडी असो, एकही पाऊल ढोलाच्या पुढे पडत नाही की मागे राहत नाही. हे अंगात आलेल्याचं काम नव्हे. हे जन्मभर मनात नाचत राहिलेल्या बाईचं काम आहे.'

माझा नवरा लीलाधर. त्याने पहिली ओळ वाचली, आईचं कौतुक छापून आलं म्हणून त्याची छाती फुगली आणि शेवटपर्यंत न वाचताच त्याने तो लेख भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिला. खाली हात जोडल्याची चित्रंही टाकली. अशा माणसाला काय म्हणावं? घरचाच माणूस निघाला, दुसऱ्याला बोल कसा लावणार.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी मला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "वाच, काय लिखं तिनी." मी वाचलं. त्या ऐकत होत्या आणि गव्हातले खडे काढत होत्या. संपलं तेव्हा म्हणाल्या, "ते पायनं परत वाच." मी परत वाचलं. त्यांचा हात थांबला. "एक बी पाऊल नही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तसंच लिहिलंय, एकही नाही." मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. बाई लाजली होती. मग हळूहळू ते सगळं तोंडावरून उतरलं आणि त्या म्हणाल्या, "तिनी लिखाले नको व्हतं."

दुपारी अभिमन आबा आले. आबा म्हणजे नानांचे थोरले चुलतभाऊ, भावकीतलं शेवटचं वडीलधारं माणूस. त्यांच्या शब्दाबाहेर आमच्याकडे कुणी जात नाही. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मी मनातल्या मनात चार उत्तरं तयारही करून ठेवली होती. पण आबा ओरडले नाहीत. ओट्यावर बसले, पाणीही घेतलं नाही.

"यशोदा," ते दाराच्या आत बघत म्हणाले, "पोर लिखस, देवी येत नही, तू नाचस. आते तू सांग."

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी पदर आणखी पुढे ओढला.

"मना हिलाल मराले टेकेल व्हता," आबा म्हणाले. "डॉक्टरसनी हात वर करा व्हता. तू चौकमा उभी ऱ्हाईसन सांगं, पोऱ्या जगी. तो जगना. मी बठ्ठा गावसमोर पाय धरात. ती देवी नव्हती, मंग मी कोना पाय धरात?"

माझी चारही उत्तरं आरडाओरड्यासाठी होती. आबांचा मुलगा हिलालभाऊ आज नरडाण्याच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला दोन लेकरं आहेत. त्या म्हाताऱ्याने ज्याच्या जोरावर पुढचं आयुष्य काढलं, ते ताईने कौतुक करता करता काढून घेतलं होतं. नाना खांबाला टेकून बसले होते आणि पायाच्या नखाने जमीन उकरत होते.

आबा जाताना एवढंच म्हणाले, आपण खोटं लिहिलं असं पोरीने भावकीसमोर सांगावं, म्हणजे झालं. नाहीतर देवीला खोटं ठरवणाऱ्या लेकराला देवीचा रोट कसा घालायचा, हे त्यांना समजत नाही. मी बराच वेळ विचार केला, मलाही समजलं नाही. देवी खरी तर ताई खोटी. ताई खरी तर सासूबाईंनी इतकी वर्षं गावाला फसवलं. दोघींना एका घरात खरं राहायला जागाच उरली नव्हती.

ताई कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी आली. तिला फोनवर सगळं कळलं होतं. आल्या आल्या आबांच्या घरी गेली, मीही बरोबर गेले. त्यांच्या पाया पडून म्हणाली, "आबा, माझं चुकलं. मी छापायला नको होतं. तुम्हाला दुखवलं."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचाही जीव होता तिच्यावर, लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेली पोर. "छापं ते जाऊ दे," ते म्हणाले. "खोटं लिखं व्हतं का तू? हा म्हन. बठ्ठं मिटी जाई."

मी तिचा पदर ओढला. म्हण ना बाई, एवढंसं तर आहे, हा म्हणायला काय जातं तुझं. मी तिच्या जागी असते तर दहादा म्हटलं असतं. ती पुन्हा आबांच्या पाया पडली आणि हा न म्हणताच उठली. घरी येताना मी तिला वाटेतच झापलं. ती म्हणाली, "वहिनी, मला उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीची पक्की पारख आहे. ती खोटी म्हटली तर माझ्याजवळ राहिलं काय? आणि आईला मी काय तोंड दाखवू? तिला आयुष्यात कुणी एकदा चांगलं म्हटलं, तेही परत घेऊ?"

रविवारी देवी बसली. देवीच्या नारळाला नथ घातली, हार घातले, आरती झाली. पंक्ती बसल्या आणि ताईचं पान मांडलं नाही. ती बाहेर ओट्यावर सुजलेला गुडघा धरून बसली. माझ्या ताटात रोट होता. बोदवडहून आलेल्या मला रोट, आणि ज्या घरच्या गव्हात तिच्या बापाचा घाम आहे तिला नाही. मी एक तुकडा पदराखाली लपवून तिच्याकडे नेला, पाप लागायचं तर लागो म्हटलं. तिने माझा हात मागे सारला. "चोरून नको वहिनी," ती म्हणाली. "आईच्या हातून मिळाला तर खाईन." आत सासूबाईंनी हे ऐकलं असणार, कारण त्या दाराशीच वाढत होत्या. पंक्ती उठल्यावर आबांनी सगळ्यांना सांगितलं, "सोमवारले कानबाई मायलेच इचारू. माय म्हनी तसं." म्हणजे निवाडा सासूबाईंच्याच तोंडून व्हायचा. पण त्यांच्या तोंडून देवी बोलते यावर आता अर्ध्या भावकीचा विश्वास नव्हता. बायका आपसात कुजबुजत होत्या, उद्या बघू, देवी येते का नाच होतो ते. सगळे नाचाचे पारखी झाले होते. एरवी ज्यांना ढोल आणि ताशातला फरक कळत नाही ते सासूबाईंच्या पायांवर डोळे लावून बसणार होते.

सकाळी देवी उचलली. गल्लीत चिखल होता. ढोल सुरू झाला तसा गलका थांबला आणि सगळ्यांची नजर एका जागी आली. सासूबाई जरा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग पदर पडला, केस सुटले आणि त्या पुढे आल्या.

मी तो नाच दर वर्षी पाहत आलेय. डोळे मिटून सांगेन, असा असायचा. यंदा तो तसा नव्हता. पाय कुठेही पडत होते. ढोल एकीकडे आणि त्या दुसरीकडे. अंगावर येऊन एका बाईला धडकल्या, भिंतीवर खांदा आपटला, चिखलात गुडघ्यावर पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या. कपाळ फुटून रक्त आलं. बघायला जमलेल्या बायका घाबरून मागे सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "यंदा माय कोपेल शे." आणि एकेकाचे हात जोडले जायला लागले. हा नाच नाही, हे आंधळ्यालाही दिसत होतं. मलाही तसंच वाटलं. खरोखरच देवी आली, आणि रागावून आली, असं वाटून मीही हात जोडले.

आबा पुढे झाले. त्यांनी चिखलात गुडघे टेकले. "माय," ते म्हणाले, "आमनं काय चुकनं? पोरले रोट देवाना का नही?"

सासूबाईंचा श्वास लागला होता. त्यांनी आबांकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. "पोर मनी शे," त्या म्हणाल्या. "तिले द्या."

आबा रडायला लागले. त्यांचा हिलाल त्यांना परत मिळाला होता. बायकांनी 'कानबाई माय की जय' म्हटलं, ढोल पुन्हा चढला आणि देवी नदीकडे निघाली. ताई समोरच्या घराच्या भिंतीला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोक एकमेकांना सांगत होते, बघा, पोरीला पस्तावा झाला. नदीवरून परत आल्यावर सासूबाईंनी कपाळावर हळद दाबून स्वतःच्या हाताने ताईला रोट दिला. ताईने तो मान खाली घालून खाल्ला.

दुपारी मी तिला स्कूटीवर नरडाणा स्टेशनला सोडायला गेले. मला हलकं वाटत होतं. मी म्हटलं, "ताई, सुटलात बाई एकदाच्या. देवीनेच सोडवलं. आता तरी मानाल ना?"

ती बाकावर बसली. "वहिनी, ढोलाचा ठोका पडायच्या जरा आधी तिचा एक पाय पडत होता," ती म्हणाली, "आणि दुसरा पाय ठोका पडून गेल्यावर. प्रत्येक वेळी. एकदासुद्धा ती चुकून तालात आली नाही. ज्याला ताल कळत नाही तो कधीतरी चुकून तालात येतोच हो. तिने एक पाऊलही येऊ दिलं नाही." मी तिचा हात धरून बसले. गाडी आली आणि ती चढली.

तिचं सदर अजून चालू आहे. हल्ली ती गुजरातेत, नर्मदेच्या काठाने फिरते, तिकडच्या जत्रांवर लिहिते. लोक म्हणतात पूर्वीपेक्षा चांगलं लिहिते. आमच्या तालुक्यावर तिने त्यानंतर काही लिहिलेलं नाही.

त्या दिवशी स्टेशनवरून घरी आले तेव्हा सासूबाई मधल्या खोलीत पडल्या होत्या. मी तेल कोमट करून त्यांचे पाय चोळायला बसले. घोटे सुजले होते, एका अंगठ्याचं नख उपटलं होतं. 'काल तू' असं जिला म्हणायचं नसतं, तिला 'आज तू' तरी कसं म्हणणार?

"गयी का?" त्यांनी विचारलं.

"गेली."

त्या छताकडे बघत होत्या. मी दुसरा पाय मांडीवर घेतला.

"तिले समजनं का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. खाली बघतच म्हटलं, "हो आई, समजलं."

त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना आवाज काढून रडताना ऐकलं नव्हतं. बाहेर ओट्यावर नाना होते, त्यांनीही ऐकलं, पण ते आत आले नाहीत आणि मीही उठले नाही. वाटीतलं तेल संपेपर्यंत मी पाय चोळत राहिले.